कानटोपी, हुरडा आणि एक हट्टी 'च'

डिसेंबर लागला की समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसलेल्या आईबाबांच्या तोंडून एकच गाऱ्हाणं फिरून फिरून येतं. "मॅडम, मुलं बाहेर पडतच नाहीत. आणि खरं सांगायचं तर या गारठ्यात त्यांना बाहेर काढायचा आम्हालाही धीर होत नाही." पुढची साखळी ठरलेली. घरात बसलं की मोबाइल, मोबाइल काढून घेतला की आदळआपट, आणि नाताळची सुट्टी संपेपर्यंत सगळं घर एकमेकांना विटलेलं. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात रणरण. आपल्याकडे दुपारीसुद्धा उघड्यावर रमता येईल असे जेमतेम अडीच-तीन महिने मिळतात, आणि नेमके तेच आपण खिडक्या लावून काढतो.

पुण्यातल्या एका कुटुंबाची गोष्ट सांगते. त्यांची संमती घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलगी नऊ वर्षांची, तिला सई म्हणू. धाकटा भाऊ पाच वर्षांचा. आई-बाबा नोकरी करणारे, घरात आजी. सहा-सात भेटींमधलं मोजकंच इथे देते.

पहिल्या भेटीत आई म्हणाली, "सकाळी बाहेर नेलं की दुसऱ्या दिवशी सर्दी ठरलेलीच. सासूबाई तर म्हणतात, गारठा बाधणारच."

"गेल्या हिवाळ्यात किती वेळा नेलंत?"

"तीनदा."

"आणि सर्दी?"

"एकदा. पण तेव्हा…" ती थांबली. "तेव्हा तिच्या वर्गातली निम्मी मुलं खोकत होती."

सर्दी विषाणूमुळे होते आणि बंद खोलीत, दाटीवाटीत ती जास्त पसरते. हे बहुतेक आईबाबांना माहीत असतं, पण भीतीच्या वेळी आठवत नाही. तरी आजींचा अनुभव मी सरसकट खोटा ठरवत नाही, कारण त्यात एक खरी गोष्ट दडलेली असते. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १०-१२ अंशांवर येतो आणि दुपारी २८-३० वर चढतो. सकाळी सातला घातलेले कपडे अकराला चुकीचे ठरतात. जाड स्वेटरमध्ये मूल पळतं, घामाने आतून भिजतं, मग सावलीत थांबतं आणि वारा लागला की कुडकुडायला लागतं. आजींनी पाहिलेलं कुडकुडणं खरंच असतं. ते थंडीपेक्षा घामाचं जास्त असतं, एवढंच.

म्हणून एका जाड थराऐवजी तीन पातळ थर. आत सुती बनियन, त्यावर पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, वर पुढून चेन उघडता येईल असं स्वेटर किंवा जॅकेट. घराबाहेर पाऊल टाकताना मुलाला किंचित गार वाटलं तर कपडे बरोबर आहेत. दहा मिनिटं पळून झालं की त्याच्या मानेमागे हात घालून पाहायचं, ओलसर लागलं तर एक थर उतरवायचा. पिशवीत जास्तीचं बनियन, मोज्यांचा जोड आणि पाण्याची बाटली हवी. थंडीत तहान जाणवत नाही, म्हणून मुलं पाणी मागत नाहीत आणि मग डोकं दुखतं म्हणतात. कानटोपीचा वाद मी असा मिटवते: दुचाकीवर, विशेषतः पुढे बसलेल्या मुलाच्या बाबतीत, आजी शंभर टक्के बरोबर. मैदानात उतरल्यावर टोपी खिशात.

वेळेचंही तसंच. पहाटे लवकर उठवून 'शुद्ध हवेत' नेण्याचा अट्टहास नको. थंडीत सकाळी धूर आणि धूळ जमिनीलगत साचून राहतात, ऊन चढलं की विरळ होतात. साडेआठ ते अकरा आणि दुपारी चार ते सहा ही वेळ उत्तम. जानेवारीच्या सुरुवातीला पुण्यात सव्वासहाच्या आतच सूर्य मावळतो, म्हणून संध्याकाळचं काही करायचं तर चारला निघायलाच हवं. (हा एक 'च' मी माझ्याकडे ठेवते.) दम्याचा त्रास असलेल्या मुलांना कोरडी थंड हवा आणि शेकोटीचा धूर दोन्ही बाधू शकतात. त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच बेत करावा, पंप बरोबर ठेवावा.

इथवरचं काम सोपं होतं. दुसऱ्या भेटीत खरी गाठ वर आली.

"नेलं होतं ना मॅडम! हुरड्याला नेलं होतं." आईचा आवाज चढला. "बैलगाडी होती, उंट होता, झोके होते. माणशी एवढे पैसे भरले. आणि परत येताना गाडीत म्हणते कशी, कंटाळा आला. हिला कशातच रस नाही हो."

'कशातच रस नाही' हे वाक्य ऐकलं की माझे कान टवकारतात. नऊ वर्षांच्या मुलीला कशातच रस नाही असं सहसा नसतं. तिला कशात रस आहे हे कुणी पाहिलेलं नसतं. मी सईशी एकटीशी बोलले.

"हुरड्याला काय काय केलंत?"

"बसलो. खाल्लं. उंटावर बसलो. फोटो काढले."

"कसं वाटलं?"

"सगळे मला सारखं विचारत होते, मजा येतेय ना? मजा येतेय ना?"

"मग तू काय सांगितलंस?"

"हो म्हटलं. नाहीतर आईला वाईट वाटतं."

मी काही बोलले नाही. अशा वेळी गप्प बसणं जमलं की निम्मं काम होतं, हे शिकायला मला बरीच वर्षं लागली. थोड्या वेळाने ती आपणहून म्हणाली, "तिथे एक काका होते. ते राखेत कणसं खुपसायचे आणि गोल फिरवायचे. मी ते बघत होते."

"तू फिरवलंस?"

"आई म्हणाली, भाजशील. उंटावर जा."

ही गाठ सुटण्याची जागा होती. या मुलीला तिथे आवडलेली एक गोष्ट होती. ती म्हणजे कणसं भाजायची आगटी, आणि तिथून उचलून तिला करमणुकीकडे पाठवलं गेलं. शिवाय त्या दिवशी तिच्यावर एक काम सोपवलेलं होतंच, ते म्हणजे आईचा खर्च वाया गेला नाही हे हसून दाखवण्याचं. दिवसभर ते काम केल्यावर कुणीही कंटाळेल.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांना माणसाच्या त्रासाच्या मुळाशी 'असंच व्हायला हवं' हा हट्ट दिसला. मराठीचं भाग्य असं की तो हट्ट एका अक्षरात मावतो. 'गारठा बाधणारच' हा आजींचा च. 'मजा आलीच पाहिजे' हा आईचा. पहिला माहितीने सैल होतो. दुसरा जास्त चिवट, कारण तो मायेचा वेष घेऊन येतो. मी आईसमोर कागद ठेवला आणि तिची वाक्यं तिलाच लिहायला सांगितली. 'सुट्टीत मुलांना आनंद मिळालाच पाहिजे. नाही मिळाला तर मी कमी पडले.' तिने दोनदा वाचलं. मग म्हणाली, "म्हणजे मी तिला हुरडा खायला नेलंच नव्हतं. मला पास करायला नेलं होतं."

हे तिचं तिला सापडलं. मी फक्त कागद पुढे केला होता.

त्यानंतर आम्ही ठरवलं की पुढच्या चार रविवारी बाहेर जायचं ते सईला खरं काम असेल अशाच ठिकाणी, आणि आईने 'मजा आली का?' एकदाही विचारायचं नाही. हवं तर 'कुठे अडलं?' विचारावं.

बाबा मूळचे येवल्याकडचे, म्हणजे संक्रांतीला तीन दिवस गच्चीवर काढलेले. पण इतकी वर्षं पतंग ते स्वतः उडवायचे आणि सई फिरकी धरून उभी. ही मजुरी झाली. अदलाबदल केली: कन्नी, म्हणजे पतंगाला दोर जोडण्यासाठीची दोऱ्यांची बांधणी, सई करणार, फिरकी बाबा धरणार. ती अशी बांधतात. उभी काडी आणि कमान जिथे एकमेकींना छेदतात तिथे काडीच्या दोन्ही बाजूंना एकेक भोक पाडून दोरा ओवायचा. दुसरी जोडी खालच्या टोकापासून काडीच्या साधारण तिसऱ्या हिश्शावर. दोन्ही दोरे ताणून धरले तर खालचा वरच्यापेक्षा अर्धा-पाऊण इंच लांब असावा. पतंग गिरक्या घेत खाली येत असेल तर कागदाच्या पट्टीचं हातभर शेपूट लावायचं. एकाच बाजूला झुकत असेल तर कमानीच्या दुसऱ्या टोकाला दोऱ्याचे दोन-चार वेढे देऊन वजन सारखं करायचं. उचलतच नसेल तर बहुतेक वेळा वाराच नसतो. झाडाची पानं हलत नसतील तर पळून उपयोग नाही.

दोरा साधा सुती घ्यावा. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली आहे आणि तो माणसांचे गळे, पक्ष्यांचे पंख दोन्ही कापतो. पहाटे आणि दिवस मावळताना पक्ष्यांची ये-जा असते, तेव्हा पतंग खाली. विजेच्या तारांजवळ नाही, कठड्याशिवायच्या गच्चीवर नाही, तारेत अडकलेला पतंग काढायला काठीसुद्धा नाही.

पहिल्या रविवारी वारा नव्हता. दुसऱ्या रविवारी ओवताना कागद फाटला; भोकाभोवती आधी चिकटपट्टीचा तुकडा लावायचा हे सईने तिथे शोधून काढलं. तिसऱ्या रविवारी पतंग पाच मिनिटं टिकला. आईने येऊन हिशेब दिला: "पहिल्या दिवशी ते वाक्य नऊ वेळा जिभेवर आलं. तिसऱ्या दिवशी दोनदाच. पण पतंग पडला तेव्हा ती रडली, आणि मला वाटलं संपलं सगळं."

"मग?"

"मग तिने डोळे पुसले आणि कन्नी सोडून परत बांधली."

रडणं म्हणजे बेत फसला असं आईबाबा पटकन धरून चालतात. जीव ओतून केलेल्या कामातच मूल रडतं. उंटावरून उतरताना सई रडली नव्हती, हे मी आईच्या लक्षात आणून दिलं.

जानेवारीच्या शेवटी ते पुन्हा हुरड्याला गेले. या वेळी नगरकडच्या नातेवाइकांच्या शेतात, उंटाशिवाय. सईचं काम होतं कणसं निवडणं. दाण्याला नख लावायचं. दूध आलं तर कणीस कोवळं, नख शिरलंच नाही तर जून, दाणा मऊ दबला तर हुरड्याचं. असं काम नऊ वर्षांचं मूल मोठ्यांपेक्षा चोख करतं. आगटीसाठी वीतभर खोल, दीड फूट रुंद खड्डा, त्यात आठ-दहा गोवऱ्या. सगळ्यांची चूक होते ती घाईची. जाळ असतानाच कणसं घातली की बाहेरून काळी आणि आत कच्ची. ज्वाळ विझून निखाऱ्यावर राखेचा पातळ थर येईपर्यंत थांबावं लागतं. मग देठाला धरून कणीस कडेच्या गरम राखेत खुपसायचं आणि फिरवत राहायचं, तीन-चार मिनिटं. गरम असतानाच चोळायचं, कारण गार झालं की दाणा सुटत नाही. म्हणून चोळणं मोठ्यांनी जाड कापडात करावं आणि सुपात पाखडणं मुलांना द्यावं. आगटीजवळ जाताना नायलॉनचं जॅकेट उतरवायचं, ते ठिणगीने वितळून कातडीला चिकटतं. मफलरची टोकं खोचलेली, बाजूला भरलेली बादली. आईने 'भाजशील' म्हणण्याऐवजी या चार गोष्टी केल्या आणि सईला देठ धरू दिला.

"भाजलं का कुठे?" मी विचारलं.

"एका बोटाला. थोडंसं. गार पाण्याखाली धरून ठेवलं." सईने बोट दाखवलं. त्यावर काही दिसत नव्हतं, तरी ती ते बराच वेळ दाखवत होती.

शेत, नातेवाईक, गाडी सगळ्यांनाच जमत नाही, हे मला माहीत आहे. मग रात्री गच्ची आहे. या दिवसांत आठच्या सुमाराला पूर्वेला मृग नक्षत्र वर आलेलं असतं. एका रेषेतल्या तीन चांदण्या म्हणजे त्याच्या पोटात घुसलेला बाण. ती रेषा खाली वाढवली की रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा व्याध, आणि उलट दिशेला वर नेली की तांबूस रोहिणी, तिच्यापुढे कृत्तिकांचा पुंजका. कृत्तिका किती दिसतात ते प्रत्येकाने मोजायचं. डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटं लागतात आणि मोबाइलचा पडदा एकदा उजळला की ती पुन्हा पहिल्यापासून. बॅटरीला लाल जिलेटिन कागद गुंडाळला तर डोळ्यांना त्रास होत नाही. खाली सतरंजी, कारण सिमेंटची गच्ची पाठीतून ऊब ओढून घेते. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीच्या दिशेकडून उल्कावर्षाव होतो, त्या रात्री मात्र दुपारी मुलांना झोपवून ठेवा. इथे मुलाचं काम वहीत वेळ आणि आकडा लिहिण्याचं.

सईच्या घरी गच्चीवर आता आजीही येतात. मृगाची गोष्ट त्यांनाच नीट येते, आणि तिथे त्या सांगतात म्हणून त्यांची खुर्चीही वर गेली आहे. धाकट्याच्या अंगात अजून दोन स्वेटर असतात. मानेमागे हात घालून पाहायचं सईने त्यांना शिकवलं, त्यांनी पाहिलं, आणि म्हणाल्या, "ओलसर नाहीये. राहू दे."