दीपगृह, दीपस्तंभ आणि आपला मनोरा

जिंतूरकडच्या एका बाईंनी विचारलंय: अलिबागच्या सहलीचे फोटो वर्गात दाखवताना मी ‘दीपगृह’ म्हणाले, तर एक लेकरू म्हणालं, “म्हंजे दीपमाळच ना?” मग दीपगृह बरोबर की दीपस्तंभ? आणि याला आपला जुना शब्दच नाही का?

बाई, लेकराचं आधी घेतो. समुद्र न बघितलेल्यानं दिव्याच्या उंच दगडी खांबाला दीपमाळ म्हणावं हे साहजिकच आहे. बीडला पूर्वेच्या टेकडीवर खंडोबाच्या देवळापुढं दोन दीपमाळा आहेत, अष्टकोनी, सुमारे 70 फूट उंच. तुमच्या फोटोतलं, अलिबागजवळच्या खांदेरी बेटावरचं दीपगृह 1867 सालचं, तेही अष्टकोनीच. अंगानं पाहिलं तर भावंडंच. पण दीपमाळेत ‘माळ’ आहे. दिवे अनेक, अंगाखांद्यावर लावलेले. त्रिपुरी पौर्णिमेला सगळे पेटले की तो उजेड बघायला माणसं जवळ येतात. खांदेरीचा दिवा एकटा, आणि त्याचा निरोप उलटा: इथं खडक आहे, लांबून जा, मुंबई बंदराची वाट त्या अंगाला.

दीपस्तंभ चूक नाही. केंद्र सरकारच्या ज्या खात्याकडं हे सगळे दिवे आहेत, त्याच्या हिंदी नावात ‘दीपस्तंभ’च आहे. मात्र हा शब्दही देवळाच्या अंगणातला. गोव्यात मंगेशीपुढं जो सात मजली दिव्यांचा मनोरा आहे, त्याला तिकडं दीपस्तंभ म्हणतात. आपल्याकडं तो भेटतो सत्कारात. ‘शिक्षणक्षेत्रातील दीपस्तंभ’ अशा फ्लेक्सखाली शाल-नारळ घेऊन मीही एकदा बसलोय. लोकांना ‘यांच्यापासून लांबून जा’ असं सुचवायचं होतं का, ते विचारायचं राहून गेलं.

मी दीपगृहाच्या बाजूचा. त्यात घर आहे, आणि खांदेरीचा मनोरा खरोखरच घराच्या डोक्यावर उभा आहे. दिवा सांभाळणारी माणसं तिथं राहायची, तेलवात बघायची, भिंगं पुसायची. स्तंभात हे काहीच येत नाही. गुजरातीतला ‘दीवादांडी’ त्याहून झकास आहे, पण आपल्याकडं दांडी म्हटलं की कपडे वाळत घालायची आठवते, नाहीतर शाळेला मारलेली.

जुन्या शब्दाचं काय? तेर आणि पैठणचा माल पहिल्या शतकात बैलगाड्यांनी गुजरातेतल्या भडोच बंदराला जायचा, हे ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात आहे. भडोचच्या खाडीचं तोंड इतकं अवघड, की राजाच्या चाकरीतले कोळी होड्या घेऊन पुढं जायचे आणि जहाजं वाट दाखवत आत आणायचे. दिव्याचं काम तिथं माणसंच करत होती.

आता गंमत. वर मी दोन-तीनदा ‘मनोरा’ म्हणालो, तुमच्या लक्षातही आलं नसेल. तो अरबी ‘मनारा’. अरबीत नार म्हणजे विस्तव, नूर म्हणजे उजेड. पुढं ‘म’ लागला की त्याची जागा. सजदा म्हणजे माथा टेकायची जागा ती मस्जिद, दर्स म्हणजे धडा घ्यायची जागा तो मदरसा, तशी उजेडाची जागा मनारा. समईची ठाणवई, मशिदीचा मिनार आणि जहाजांचा दिवा, तिन्हींना अरबीत हा शब्द चालतो. अलेक्झांड्रियाच्या जगप्रसिद्ध दीपगृहालाही अरब हेच म्हणायचे. ज्यू लोकांची सात शाखांची समई म्हणजे मेनोरा, तो शब्दही याच मुळातला.

म्हणजे आपल्या दौलताबादच्या किल्ल्यात 15 व्या शतकात बहामनींनी चार मजली चांदमिनार उभारला, तेव्हाच समुद्रापासून इतक्या आत दीपगृहाचं नाव येऊन बसलं होतं. पुढं मराठीच्या जिभेवर त्याचा मनोरा झाला आणि उजेड गळून नुसती उंची उरली. आता आपण टाकीच्या मनोऱ्यालाही मनोराच म्हणतो.

तेव्हा त्या लेकराला सांगा, दीपमाळ नव्हे, पण मनोरा म्हणालास तर अगदी बरोबर.

आमच्या गल्लीत उर्दू शाळेतून निवृत्त झालेले एक मास्तर आहेत. ते दीपगृहाला ‘मीनार-ए-नूर’ म्हणतात. मी त्यांना म्हणतो, मास्तर, उजेड आधीच मीनारात आहे, तुम्ही वर नूर कशाला लावता? हा आमचा पिवळा पीतांबर झाला.