४०० फोटो आहेत, गोष्ट कुठे आहे?

प्रश्न : माझे बाबा घड्याळं दुरुस्त करतात. वर्षभरात मी त्यांचे ४०० फोटो काढले. सुटा फोटो लोकांना आवडतो, पण ओळीने दाखवले की दहाव्या फोटोला बघणारा कंटाळतो. लेन्स बदलू का?

उत्तर : लेन्स राहू दे. तू पाठवलेले २० फोटो मी टेबलावर पसरून पाहिले. त्यांतल्या १७ फोटोंत बाबा मान खाली घालून बसलेत आणि तू तेवढ्याच अंतरावर उभी आहेस. एकच वाक्य १७ वेळा!

माझ्या आईच्या शिवणकामाचे फोटो मी असेच काढले. मशीनवर वाकलेली आई, शेकड्यांनी. सुईत दोरा ओवायला ती मला हाक मारायची आणि मी कॅमेरा बाजूला ठेवून जायचे. डोळ्यांमुळे तिचं शिवण सुटलं तेव्हा उमगलं, आम्हा दोघींची गोष्ट त्या दोऱ्यात होती, आणि त्याचा एकही फोटो माझ्याकडे नाही. ते आजही सलतं.

अमेरिकन छायाचित्रकार युजीन स्मिथ यांची १९४८ सालची, 'लाइफ' साप्ताहिकातली फोटोंची मालिका जरूर बघ. कोलोरॅडोतल्या क्रेमलिंग गावचे डॉक्टर अर्नेस्ट सेरियानी यांच्याबरोबर ते २३ दिवस राहिले. डॉक्टरांना सवय व्हावी म्हणून सुरुवातीला कॅमेऱ्यात फिल्मच घातली नव्हती. पहिल्या फोटोत डॉक्टर बॅग घेऊन माळरानातून चाललेत, आभाळ भरून आलंय. शेवटच्या फोटोत रात्रीच्या शस्त्रक्रियेनंतर हातात कॉफीचा कप धरून, थकून ओट्याला टेकलेत. मधे काय काय झालं असेल, हे बघणारा स्वतःच जुळवू लागतो.

तूही बाबांच्या शेजारी बस, त्यांच्या नजरेच्या उंचीवर. दारातून सगळी खोली घे. चिमट्यातला स्क्रू जवळून घे. घड्याळ पुन्हा चालू झाल्यावर ते कानाशी नेत असतील, तो क्षण तुझ्या २० फोटोंत नाही. मग ४०० तून १२ निवड. आवडता फोटो वगळताना जीव तुटतो, तरी वगळ.

आणि एक. तुझ्या अकराव्या फोटोत मागच्या खिळ्यावर एक बंद घड्याळ लटकतंय, त्याला बांधलेली चिठ्ठी पिवळी पडलीय. ते कुणाचं, न्यायला कुणी का आलं नाही, हे बाबांना विचारलंस का? आज विचार. कॅमेरा उद्या घे.