कोडच्या टेस्ट लिहायला नवीन असशील तर एवढं बघ

अरे, कव्हरेज (टेस्ट चालवताना कोडच्या किती ओळी चालल्या ते प्रमाण) १०० टक्के आलं म्हणून लगेच खूश होऊ नकोस, ते फक्त ओळ चालली का एवढंच सांगतं, एकही असर्ट (उत्तर बरोबर आलं का हे तपासणारी ओळ) नसलेली टेस्टपण हिरवीच, म्हणजे पास, दिसते. टेस्टमध्ये तेच येतं जे लिहिणाऱ्याला सुचतं आणि सुचतं ते अनुभवातून, म्हणजे बघ, तारखेचं फंक्शन असेल तर नवीन माणूस आजची तारीख टाकून मोकळा होतो पण ज्याने प्रोडक्शनमध्ये (लोक खरंच वापरतात त्या सिस्टिममध्ये) मार खाल्लाय तो आधी २९ फेब्रुवारी टाकतो, मग १९०० आणि २००० दोन्ही वर्षं तपासतो कारण १९०० लीप नव्हतं, २००० होतं. डेटाबेसवाला नल (रिकामी व्हॅल्यू) बघेल, फ्रंटएंडवाला बटण दोनदा दाबेल. सिनियरचं सगळंच बरोबर असंही नाही हं, काहीजण सवयीने इतकं मॉक करतात (खऱ्या भागाच्या जागी नकली भाग लावतात) की टेस्ट खऱ्या कोडला शिवतच नाही. म्हणून वेगळं काम करणाऱ्या दोघांना आधीच विचार, हे कुठे फुटेल? आणि टेस्ट झाली की कोडमधलं 'पेक्षा मोठं' मुद्दाम 'मोठं किंवा समान' करून बघ, तरी हिरवीच राहिली तर बरोबर सीमेवरची व्हॅल्यू टाकायची राहिलीये. याला म्युटेशन टेस्टिंग म्हणतात, जावात पिटेस्ट नावाचं टूल हे आपोआप करतं.