दाढ काढली तर जबडा सडेल का?

प्रश्न : माझ्या सासूबाई ६९ वर्षांच्या आहेत. हाडं ठिसूळ झाल्यामुळे पाच वर्षं त्या आठवड्यातून एकदा अ‍ॅलेन्ड्रोनेटची गोळी घेतात. आता खालची दाढ किडून मुळाशी सूज आली आहे, डेंटिस्ट काढायला सांगतात. पण या गोळीमुळे कुणाचा तरी जबडा सडला, असं शेजारच्या काकूंनी सांगितल्यापासून त्या दाढ काढू देत नाहीत. गोळीही परस्पर बंद केली आहे. काय करू? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : ताई, काकू सांगतात तो आजार खरा आहे, पण सासूबाईंना त्याचा धोका फार थोडा आहे. सुजलेली दाढ तशीच ठेवण्यात मात्र धोका जास्त, कारण मुळाशी साठलेला पू हाडात उतरतो.

आपलं हाड आयुष्यभर झिजतं आणि नव्याने भरतं. ही गोळी झीज करणाऱ्या पेशींना आवरते, म्हणून खुबा आणि मणके टिकतात. पण मेलेलं हाड साफ करण्याचं कामही त्याच पेशींचं. जबड्यावर हिरडीचं आवरण पातळ, तोंडात जंतू कायमचे. त्यामुळे क्वचित दाढेची जखम मिटतच नाही. जबड्याला रेडिएशन दिलेलं नसताना आठ आठवड्यांनंतरही हाड उघडंच दिसलं, की आम्ही या आजाराचं निदान करतो. माझ्या सदाशिव पेठेतल्या दवाखान्यात एक आजी आल्या होत्या. दुखत काहीच नव्हतं, फक्त जिभेला काहीतरी टोचत होतं. आरशाने पाहिलं तर हिरडीतून डाळीएवढं पिवळट, खरखरीत हाड वर आलेलं.

एकोणिसाव्या शतकात काडेपेटीच्या कारखान्यांत पांढऱ्या फॉस्फरसच्या वाफेने मजुरांचे जबडे सडत. जबड्याच्या अशाच आजाराचा या औषधांशी असलेला संबंध २००३ पासून ध्यानात येऊ लागला. बहुतेक रुग्ण कॅन्सरचे असतात. त्यांना याच गटातलं औषध सलाइनमधून, बरंच जास्त मात्रेत दिलेलं असतं. आठवड्याची गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण हजारी एकाहूनही कमी आहे. पुण्यात २०२१ साली कोविडनंतर म्युकरमायकोसिसमुळे अनेकांचे वरचे जबडे काढावे लागले, ती धास्ती अजून घराघरांत आहे. तो बुरशीचा आजार, त्याचा या गोळीशी संबंध नाही.

गोळी बंद केल्याने दाढेला लगेच फायदा होत नाही, कारण औषध हाडात वर्षानुवर्षं राहतं. पाच वर्षांनंतर ती चालू ठेवायची का, याचा फेरविचार डॉक्टर करतातच. तो त्यांनाच करू द्या. (कुणी ठिसूळ हाडांसाठीच डेनोसुमॅब या दुसऱ्या औषधाचं सहामाही इंजेक्शन घेत असेल, तर ते अजिबात चुकवू नका, मणके मोडू शकतात.)

डेंटिस्टना गोळीचं नाव आणि किती वर्षं घेतली ते सांगा, जुनी प्रिस्क्रिप्शन्स सोबत न्या. स्टिरॉइड चालू असेल तर तेही सांगा. मधुमेह असेल तर साखर आधी आटोक्यात आणा. सासूबाई मिश्री लावत असतील तर ती आजच बंद करा, हे मी कळकळीने सांगतो. दाढ हळुवार काढून हिरडी टाक्यांनी मिटवली आणि क्लोरहेक्सिडीनच्या (जंतुनाशक औषधाच्या) चुळा भरल्या, की बहुतेकांची जखम नेहमीसारखी भरते. कवळी असेल तर डेंटिस्टनी सांगेपर्यंत ती घालू नये. तपासणीला पुन्हा जाणं टाळू नका. जखमेतून पू आला, हाड दिसलं किंवा खालचा ओठ बधिर वाटला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी त्यांना दाखवा.