तिथल्या मुलांचे आईबाप कुठे आहेत, हे आधी विचारा

(परदेशी चिल्ड्रन्स होममध्ये सेवेला जाण्याबद्दल वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं)

प्रश्न: ताई, सलाम. आम्ही दोघं अहिल्यानगरचे, मी नर्स होते आता रिटायर झालेय, मिस्टर हायस्कूलला गणित शिकवायचे. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, केनियाचे एक पाळक (पास्टर) आले होते, किसुमूजवळ त्यांचं अनाथ मुलांचं होम आहे, त्यांनी आम्हाला तिथं येऊन सेवा करा म्हणून बोलावलंय. मिशनरी म्हणून जायचं पाचारण मला लग्नाआधीपासून आहे, पण संसारात राहून गेलं. मुलगा म्हणतो या वयात कशाला. पाळक म्हणतात टुरिस्ट म्हणून या, मग बघू. जावं का?

उत्तर: ताई, वयाचं आधी सांगते, ती अडचण नाहीच. आम्ही दोघं पश्चिम केनियात राहिलोय, तिथं पिकल्या केसांच्या माणसाचं ऐकून घेतात, विशीतल्या पोरांना जे जमत नाही ते तुम्हाला जमेल. माझी काळजी वेगळी आहे. तुमच्या पत्रात होमबद्दल सगळं आहे पण त्या मुलांना कोण कोण आहे याबद्दल एक ओळ नाही, आणि मला वाटतं तुम्हाला ते कुणी सांगितलंच नसावं.

व्हिक्टोरिया सरोवराच्या काठचा तो भाग, म्हणजे किसुमू, सियाया, होमा बे, इथं एड्सने एकेकाळी अक्षरशः घरं रिकामी केली. आजही एचआयव्हीचं प्रमाण केनियात सगळ्यात जास्त त्याच पट्ट्यात आहे. पण आता औषधं मिळतात, आया जगतात, आणि आईबाप गेले तरी बहुतेक पोरं आजीकडे, मावशीकडे वाढतात. मग होममध्ये कोण येतं? तर बऱ्याचदा ज्यांच्या घरी शाळेचा खर्च झेपत नाही ती. होममध्ये जेवण फुकट, युनिफॉर्म फुकट, शाळा फुकट, म्हणून आजी काळजावर दगड ठेवून सोडून जाते, आणि तिकडे देणगीदारांना पाठवायच्या फोटोखाली त्याच पोराला अनाथ लिहिलं जातं. हे फक्त केनियाचं नाही, कंबोडियात पाहणी केली तेव्हा अशा संस्थांमधल्या चारातल्या जवळपास तीन मुलांचे आई किंवा वडील जिवंत निघाले. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात अनाथ आणि विधवांचा संकटात समाचार घ्यायला सांगितलंय, दोघांची नावं एकत्र घेतलीत हो, विधवेचं पोर तिच्यापासून तोडून त्याला अनाथ करा असं कुठंय त्यात?

केनिया सरकारनेही हे ओळखलंय. नोव्हेंबर 2017 मध्ये त्यांनी नव्या चिल्ड्रन्स होम्सची नोंदणीच थांबवली, 2022 मध्ये मुलांचा नवा कायदा आला आणि त्याच वर्षी 2022 ते 2032 असं दहा वर्षांचं धोरण जाहीर झालं, त्याचा रोख असा की मुलं हळूहळू संस्थेतून घरी, नातेवाइकांकडे किंवा पालक कुटुंबांत (म्हणजे दुसऱ्याचं मूल दत्तक न घेता सांभाळणाऱ्या, फॉस्टर कुटुंबांत) जावीत. म्हणून पाळकांना सरळ विचारा, नोंदणीचं सर्टिफिकेट आहे का, कधीचं आहे, प्रत्येक मूल कोर्टाच्या ऑर्डरने आलंय का, प्रत्येकाची फाइल आहे का, मागच्या वर्षी किती मुलं घरी परत गेली. चांगला माणूस असेल तर त्याला हे प्रश्न आवडतील, तो उलट तासभर बोलेल. आणि चिडला, किंवा विश्वास ठेवा बहीण म्हणून विषय बदलला, तर जाऊ नका, पाचारण कितीही खरं असलं तरी त्या होमला नाही.

टुरिस्ट म्हणून या हे तर अजिबात नको. टुरिस्ट म्हणून जाऊन तिथं काम करता येत नाही, फुकट केलं तरी नाही. धार्मिक आणि धर्मादाय कामासाठी त्यांचं वेगळं परमिट असतं, क्लास आय म्हणतात त्याला, आणि ते मिळवायचा खटाटोप बोलावणाऱ्या संस्थेने करायचा असतो. ज्या संस्थेला तेवढंही करायचं नाही ती मुलांचे कागद काय नीट ठेवणार. तुम्ही नर्स आहात तरी तिथल्या नर्सिंग कौन्सिलच्या परवानगीशिवाय इंजेक्शन सुद्धा द्यायचं नाही. मी हे मुद्दाम लिहितेय कारण मिशनरी म्हणून गेलं की लोक डॉक्टरच समजायला लागतात आणि नाही म्हणणं फार जड जातं. यलो फीवरची लस जायच्या किमान 10 दिवस आधी झाली पाहिजे, नाहीतर परतताना भारतातच 6 दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवतात. साठीच्या पुढे असाल तर त्या लसीचा धोका थोडा वाढतो, आधी डॉक्टरांशी बोला. पासपोर्ट ऑफिसमधून दोघांचं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटही काढा, त्यांनी मागितलं नसलं तरी. नवीन माणूस मुलांत राहायला येतोय आणि त्याची काहीच चौकशी करत नसतील तर याआधी आलेल्यांचीही केली नसणार.

आता समजा सगळं नीट निघालं आणि तुम्ही गेलात. पहिल्या दिवशी लहान पोरं येऊन तुमच्या कमरेला मिठी मारतील, हात सोडणार नाहीत, आणि तुम्हाला वाटेल प्रभूने याचसाठी आणलं. थोडं थांबा तिथं. घरात वाढलेलं दोन-तीन वर्षांचं मूल अनोळखी माणसाला बिचकतं, आईच्या मागे लपतं, जे कुणाच्याही मांडीवर जाऊन बसतं त्याला बहुतेक आपलं असं एक माणूस मिळालेलंच नसतं. रोमानियात बुखारेस्टला 2000 साली 136 लहान मुलांवर एक अभ्यास सुरू झाला, त्यातली निम्मी संस्थेतून काढून पालक कुटुंबांत दिली, तर ती मुलं बुद्धीने, माणसांशी नातं जोडण्यात पुढे गेली, आणि दोन वर्षांच्या आत गेलेल्यांचं तर फारच सुधारलं. मुलाला रोज तेच माणूस लागतं. आपण पाहुणे, आज ना उद्या परत येणार, आणि असे पाहुणे त्यांनी किती पाहिले असतील. म्हणून माया तिथल्या, मुलांना सांभाळणाऱ्या मावश्यांमार्फत पोचू द्या. रात्री पोर रडलं तर मावशीलाच उठू द्या, तुम्ही दुसऱ्या दिवशी तिचे कपडे धुवून द्या म्हणजे तिला झोप मिळेल. ताप मलेरियाचा वाटतो कधी, जुलाबात पाणी किती द्यायचं, एचआयव्हीची गोळी का चुकवायची नसते, हे तिला शिकवा. मिस्टरांनी मुलांना शिकवण्यापेक्षा तिथल्या शिक्षकांसोबत बसावं. आणि होमचे सोशल वर्कर मुलांच्या घरी जातात तेव्हा त्यांच्याबरोबर जा, आजीच्या झोपडीत बसून चहा प्या, ते पोर घरी यायला नेमकं काय कमी पडतंय ते ऐका. कधी कधी ते फक्त छपराचे पत्रे आणि शाळेची फी एवढंच असतं, जे होमच्या खर्चापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

आपल्याकडे केडगावला मुक्ती मिशन आहे ना, 1896-97 च्या आणि पुढे 1900 च्या दुष्काळातल्या कितीतरी मुली पंडिता रमाबाईंनी तिथं आणल्या, आणि अमेरिकेच्या मिनी एब्रम्स सारख्या परदेशी बायका तिथं कामाला आल्या. त्या आल्या पण बाई म्हणजे रमाबाईच, इथलं माणूस वर आणि परदेशी त्याच्या हाताखाली. मला मिशनरी कामातलं सगळ्यात सुंदर हेच वाटतं. तुम्हीही तसंच जा. स्वाहिली शिका, आणि किसुमूकडे घरात लुओ बोलतात, तीही थोडी शिका, नाहीतर आजीशी बोलणार कशा.

प्रश्न: आम्ही पुण्यातल्या चर्चचा यूथ ग्रुप आहोत, दिवाळीच्या सुट्टीत 10 दिवस काठमांडूच्या एका चिल्ड्रन्स होममध्ये जाऊन गाणी, नाटुकली आणि नेपाळी बायबल वाटप करायचं ठरवतोय. व्हिसा तर लागतच नाही. काही टिप्स?

उत्तर: टिप एकच, हा प्लॅन सोडा. व्हिसा लागत नाही म्हणून तुम्ही तिथले होत नाही. नेपाळच्या राज्यघटनेच्या कलम 26 मध्ये दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई आहे आणि 2018 पासून लागू झालेल्या फौजदारी कायद्यात त्यासाठी 5 वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजार नेपाळी रुपयांपर्यंत दंड आहे, परदेशी माणसाला शिक्षा संपल्यावर 7 दिवसांत देशाबाहेर काढतात. आणि तुम्ही 10 दिवसांनी परत याल, पण चौकशीला तोंड देत बसतील तिथले ख्रिस्ती विश्वासणारे. दुसरं म्हणजे माओवादी संघर्षाच्या काळात हुमलासारख्या दूरच्या जिल्ह्यांतून दलालांनी आईबापांकडून पैसे घेऊन, शिकवतो सांगून पोरं काठमांडूला आणली आणि खोट्या कागदांवर अनाथ दाखवली, त्यातल्या काहींचे आईबाप वर्षानुवर्षं शोधत होते. टुरिस्टांच्या देणग्यांवर चालणारी होम्स अशीच वाढली. तुमचं मन चांगलं आहे यात मला शंका नाही, पण पुण्यातच कितीतरी नेपाळी कुटुंबं आहेत, वॉचमनची, हॉटेलात काम करणाऱ्यांची, त्यांच्या पोरांना शाळेत मराठी झेपत नाही. सुट्टीतच कशाला, वर्षभर दर शनिवारी शिकवा की.

प्रश्न: मुलगा-सून चार वर्षांच्या नातवाला घेऊन परदेशी चिल्ड्रन्स होममध्ये सेवेला जाताहेत, होमच्या आवारातच राहणार म्हणे. आजी म्हणून मला धास्ती वाटते.

उत्तर: आजी, जाऊ द्या त्यांना, पण राहायला होमच्या बाहेर, चालत जाण्याएवढ्या अंतरावर घर घ्यायला सांगा. आवारात राहिलं की नातवाला आई वाटून घ्यावी लागते आणि बाकीची मुलं रोज बघत राहतात की याला आई आहे, ते दोन्हीकडून त्रासाचं होतं. मलेरियाच्या भागात असतील तर मच्छरदाणी आणि मुलांचे डॉक्टर किती लांब, हे दोन प्रश्न घर बघतानाच विचारायचे. आणि होमच्या मुलांबरोबरचे नातवाचे फोटो फॅमिली ग्रुपवर पाठवा असा हट्ट करू नका, त्या मुलांच्या घरच्यांची आणि संस्थेची परवानगी असल्याशिवाय ते कुठेच टाकायचे नसतात, नुसत्या नातवाचे मागवा.