घरी केलेल्या सोयाबीनच्या दुधाला येणारा उग्र वास कसा टाळावा?

भिजवलेले सोयाबीन थंड पाण्याऐवजी उकळत्या पाण्यात वाटले, तर हा कच्चट वास बहुतांशी येतच नाही. दाणा फुटून ओला होताच लिपॉक्सिजनेज हे विकर हवेतील ऑक्सिजनच्या साहाय्याने त्यातील तेलावर काम करू लागते आणि वास निर्माण होतो; सुमारे ८० अंश सेल्सियसच्या वर मात्र ते झपाट्याने निकामी होते, म्हणून उष्णता वाटतानाच मिळायला हवी, नंतर कितीही उकळले तरी तो वास पुरता जात नाही. मिक्सरच्या झाकणातून वाफेला वाट जरूर ठेवावी. तरीही गाळलेले दूध १५-२० मिनिटे उकळणे आवश्यकच आहे, कारण पचनात अडथळा आणणारे ट्रिप्सिनरोधक घटक केवळ गरम पाण्यात वाटल्याने पुरेसे नष्ट होत नाहीत. नुसता फेस वर आला म्हणजे दूध उकळले असे समजू नये.