एन-९५ मास्कचा शोध पीटर त्साय यांनी लावला हे खरं का? आणि तो मास्क धुऊन वापरता येतो का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: धुऊ नका. का, ते त्साय यांच्या कामातच आहे.

व्हॉट्सॲपवर फिरतं तसं त्यांनी मास्क शोधलेला नाही. एकदा वापरून टाकायचे रेस्पिरेटर, म्हणजे हवा गाळणारे असे मास्क, अमेरिकेत १९७० च्या दशकापासून आहेत. त्यातलं मेल्टब्लोन कापड (वितळलेलं प्लास्टिक गरम हवेच्या झोतात ओढून केलेल्या बारीक तंतूंचं) तर त्याहून जुनं. अणुचाचण्यांनंतर हवेत उरणारे किरणोत्सारी कण पकडायला अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेने १९५० च्या दशकात असे बारीक तंतू काढले.

मूळ तैवानचे त्साय टेनेसी विद्यापीठात प्राध्यापक होते. कापडावर टिकाऊ विद्युतभार बसवायची पद्धत त्यांनी लॅरी वॉड्सवर्थ यांच्यासोबत विकसित केली. पेटंट १९९५ चं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण सगळी मेख इथेच आहे. मोठा कण तंतूवर आदळतो, अगदी बारीक कण भरकटत जाऊन चिकटतो; ०.३ मायक्रॉनच्या आसपासचा मात्र दोन्हीतून निसटतो. त्याच्यासाठी कापड जाड करावं तर श्वास कोंडतो. भारित तंतू कणाला ओढून घेतात, त्यामुळे तेवढ्याच जाडीत गाळण सुमारे दहापट सुधारते.

मी फिल्टर मीडियाच्या, म्हणजे गाळणीच्या कापडाच्या, टेस्टिंगमध्ये काम करतो. आमच्याकडे तुकडा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून, वाळवून परत मशीनवर लावतात. प्रेशर ड्रॉप (हवेला होणारा अडथळा) जवळपास तोच, कापड दिसायलाही जसंच्या तसं, आणि एफिशियन्सी, म्हणजे कण पकडण्याची क्षमता, धाडकन खाली. भार गेलेला असतो. साबणाने धुऊन किंवा सॅनिटायझर फवारून मास्क 'स्वच्छ' करणारे नेमकं हेच करतात, आणि नुसतं बघून काही कळत नाही.

२०२० मध्ये मास्कचा तुटवडा झाला तेव्हा त्साय निवृत्त होते. तरी घरीच प्रयोग करत बसले. साधारण ७० अंश सेल्सिअसच्या कोरड्या उष्णतेत अर्धा तास ठेवला तर भार टिकतो, हे त्यांनी सांगितलं. अमेरिकेच्या ओक रिज या सरकारी प्रयोगशाळेने कार्बन फायबरच्या केंद्रात हे कापड काढायला घेतलं, तेव्हा तिथेही मदतीला गेले. निवृत्त माणसाला कोण विचारतो म्हणतात, इथे तर देशभरातून विचारणा होत होती!

तुमच्यासाठी सोपा मार्ग: चार-पाच मास्क आळीपाळीने वापरा, वापरलेला काही दिवस हवेशीर जागी टांगून ठेवा. पट्टी सैल झाली किंवा नाकाशी फट पडायला लागली की टाकून द्या. फटीतून आलेली हवा कुठलाच भार गाळत नाही.